पानाच्या रंगाची तबकडी

कापूर मी पेटवला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीने स्वतःचं झाकलं आणि दुसऱ्याचं उघडं केलं.

ताटात कापराची वडी होती, नेहमीपेक्षा मोठी. ताट घेऊन मी कामाच्या टेबलापाशी आले आणि दरवर्षी ओवाळते तशी ओवाळायला लागले. एक फेरा झाला. दुसरा निम्म्यावर आला आणि टेबलावरच्या काचेच्या वाटीतलं पेट्रोल भप्पकन पेटलं. मी दचकले, ताट वाटीला लागलं, वाटी कलंडली ती माझ्या अंगावर. कमरेपासून पदरापर्यंत जाळ झाला. आमचे राव स्टुलावरून उठले आणि दोन्ही हातांनी मला झोडपायला लागले. लग्नाला पन्नासाच्या वर वर्षं झाली, या माणसाने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी जाळ विझेपर्यंत मारत राहिले. नुकतंच त्याच पेट्रोलात एका घड्याळाचं मशीन धूत होते, त्यामुळे त्यांच्या बोटांनाही पेट्रोल होतं. माझा पदर विझला तेव्हा त्यांची बोटं जळत होती.

खोलीत तिसरा माणूस होता श्रीधर, चेन्नईचा, जुनी घड्याळं जमवणारा. त्याने आपल्या घड्याळांचा ट्रे उचलला, छातीशी धरला आणि बाहेर पळाला. रस्त्यावरून ओरडत होता, "डायल! हिरवी डायल आत राहिली! राव सार, डायल!"

समोरच्या पितळी भांड्यांच्या दुकानातला शण्मुगम ओलं गोणपाट घेऊन धावत आला, तेव्हा श्रीधर त्याला दारात सांगत होता, "टेबलाच्या उजव्या बाजूला आहे, बघा." शण्मुगमने गोणपाट रावांच्या हातावर टाकलं. टेबल नंतर विझवलं. एवढी अक्कल भांडी विकणाऱ्याला होती.

हे घडून तीन वर्षं झाली. आता लिहायचं कारण म्हणजे श्रीधरने त्या दिवसाबद्दल फोनवर काहीतरी लिहिलंय आणि ते जगभर फिरतंय. माझी पुण्याची भाची हा दिवाळी अंक काढणाऱ्यांना ओळखते. ती म्हणाली, "आत्या, तूही लिही." मी म्हटलं, मी पाचवी शिकलेली, तीही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी गिरवून घेतली. आमचं घरातलं मराठी तंजावरकडचं, भोसल्यांच्या काळापासून इथंच राहिलेलं. भाचीच्या नवऱ्याला ते नाटकातलं वाटतं. भाची म्हणाली, "तू लिही, मी अक्षरं नीट करते." तिने अक्षरं नीट केली आहेत. राग कमी करायलाही सांगत होती, तो मी केला नाही.

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान कुंभकोणमला महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. मशीनचं काम रावांचं आणि तबकडीचं माझं. बाहेरच्या माणसाला वाटतं घड्याळ म्हणजे आतलं यंत्र. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं, भाग बदलता येतात. तबकडी म्हणजे डायल, ती घड्याळाचा चेहरा. ती एकदा गेली की गेली. पितळेची पातळ चकती, मागे दोन बारीक पाय, पुढे रंग आणि त्यावर छापलेले आकडे. कावेरीकाठच्या दमट हवेत हा रंग टिकत नाही. डाग पडतात, फोड येतात. पूर्वी लोक असं घड्याळ आणून म्हणायचे, तोंड धुऊन द्या. मग जुना रंग खरवडायचा, चकती घासायची, नवा रंग चढवायचा आणि आकडे पुन्हा उमटवायचे. लग्न होऊन आले तेव्हा हे काम सासरे करत. त्यांचा हात कापायला लागला. एकदा दारातली माझी रांगोळी बघून म्हणाले, "हिचा हात कापत नाही. हिला बसवा." तेव्हापासून मी बसले.

चांगलं काम करायची मी. तसं म्हणायला मला लाज नाही. एका लग्नाच्या आधी नवऱ्या मुलाचा बाप रेशमी साडीचा तुकडा घेऊन आला होता. मुलीच्या साडीच्या काठाला जुळेल अशी गुलाबी डायल त्याला हवी होती. मी म्हटलं, "गुलाबी घड्याळ घालून मुलगा मांडवात बसेल?" तो म्हणाला, "मामी, तो बसेल की नाही ते मी बघतो. तुम्ही रंग बघा." दिली करून. मुलगा बसला.

जास्त काम एका व्यापाऱ्याचं असे. तो परदेशी घड्याळं आणायचा. बोटीतून येताना डायली खराब झालेल्या असत. त्याला हिरवा रंग हवा होता, पण शाळेच्या बाकासारखा नको. मग मी एक रंग तयार केला. आमच्याकडे पितळी समया काळ्या पडू नयेत म्हणून त्यांना लाख लावतात. ती पातळ लाख शण्मुगमच्या बापाकडून आणली आणि तिच्यात हिरवा रंग विरघळवला. शिवणयंत्राच्या जुन्या चाकावर एक फिरती चकती बसवून घेतली. डायल तिच्यावर ठेवायची, चाक फिरवायचं आणि मधोमध दोन थेंब सोडायचे. लाख फिरत फिरत कडेला जाते, तिथं जाड होते. त्यामुळे मध्ये कोवळ्या विड्याच्या पानाचा रंग आणि कडेला जून पानाचा. असे दोन हात द्यायचे. कुंभकोणमचं विड्याचं पान ज्याने खाल्लंय त्याला हा रंग सांगावा लागत नाही. साठ-सत्तर डायली तरी केल्या असतील. मग व्यापारी यायचा बंद झाला आणि मी तो रंग विसरले.

एक मात्र करायची. कुठलीही डायल रंगवायच्या आधी उघड्या पितळेवर, सहाच्या आकड्याच्या जागी, सुईने एक अक्षर कोरायची. मोडीतला 'स'. माझं नाव सखू. माझे वडील जुने मोडी कागद वाचत, त्यांनी शिकवलेलं. मागच्या बाजूला खूण करायला सासऱ्यांनी मनाई केली होती, व्यापारी मागची बाजू बघतात म्हणून. पण कुणी तक्रार घेऊन आलं तर काम माझं की दुसऱ्याचं हे मला कळायला हवं. म्हणून रंगाच्या खाली. रंग खरवडल्याशिवाय ते दिसत नाही.

आता श्रीधर. पंचेचाळिशीचा, संगणकात काहीतरी मोठं काम करून कंटाळलेला. पहिल्यांदा आला तेव्हा मखमलीचा ट्रे उघडून टेबलावर ठेवला. निळी, करडी, तपकिरी, मातकट लाल, अशा डायलींची दहा घड्याळं. मी आयग्लास डोळ्याला लावला आणि दोन बाजूला काढली.

"ही दोन का काढलीत, मामी?"

"रंगवलेली आहेत."

"कशावरून?"

"कडेला खाच आहे बघ. आकडे छापताना डायल हलू नये म्हणून रंगवणारा घालतो. कारखान्यात लागत नाही. आणि हिचं अक्षर बघ, शाई पसरलीय."

त्याचं तोंड पडलं. मग त्याने मला नमस्कार केला. तेव्हा मला तो आवडला होता, हेही लिहून ठेवते. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी यायचा. घेण्याआधी घड्याळ मला दाखवायचा. मी सांगितलं खरं तर घ्यायचा, खोटं तर परत. मला सांगायचा, जगात लोक आता यंत्राला विचारत नाहीत, रंगाला विचारतात. कारखान्याने एखादा रंग थोडेच दिवस काढला असेल तर तो दुर्मिळ. काळी डायल उन्हाने तपकिरी झाली तर ती आणखी दुर्मिळ. आम्ही ज्याला खराब म्हणून खरवडत होतो त्याच्यावर हे लोक जीव टाकतात. मी म्हटलं, "मग आमच्या हातून किती दुर्मिळ पुसलं गेलं असेल." तो म्हणाला, "मामी, असं बोलू नका, ऐकवत नाही." आम्ही हसलो.

मग आडुतुरैचे पिळ्ळै आले. भाताच्या संशोधन केंद्रात कारकून होते, निवृत्त. नोकरी लागल्यावर घेतलेलं घड्याळ आणलं होतं. डायल मूळची काळी, वर्षानुवर्षं शेताच्या बांधावर उन्हात फिरून कॉफीच्या रंगाची झाली होती, कुठेही डाग नाही. म्हणाले, "मामी, खराब झालंय. काळं करून द्या."

श्रीधर नेमका तिथेच बसला होता. माझ्या हातातून घड्याळ घेऊन त्याने बघितलं, आणि त्याचा चेहरा असा कोरडा झाला की मला कळलं. "पिळ्ळै अय्या, ही गेली," तो म्हणाला. "हिच्यावर रंग धरणार नाही. हे माझं घ्या, नवीन आहे, किल्ली द्यावी लागत नाही." स्वतःच्या मनगटावरचं बॅटरीचं घड्याळ काढून त्याने पिळ्ळैंच्या हातात बांधलं. पिळ्ळै संकोचून म्हणाले, "एवढं कशाला, सार?" आणि जुनं घड्याळ श्रीधरकडेच ठेवून जाताना त्यांनी त्याला आशीर्वाद दिला.

मी गप्प बसले. एक वाक्य बोलायचं होतं, रंग धरतो म्हणून. बोलले नाही. श्रीधर गिऱ्हाईक होता, रावांना तो आवडायचा, आणि मला माझ्या डोळ्याला मिळणारा नमस्कार आवडायचा. ते एक वाक्य माझ्या तोंडात पुढे कित्येक महिने राहिलं. त्यानंतर श्रीधर आला की मी त्याला कॉफी द्यायची, पण समोर बसायची नाही.

आयुधपूजेच्या दिवशी सकाळी दहाला तो आला.

आमच्याकडे आयुधपूजेला हत्यारं विसावतात. आदल्या संध्याकाळी टेबल घासायचं, चिमटे, स्क्रूड्रायव्हर, आयग्लास केळीच्या पानावर मांडायचे, प्रत्येकाला गंध-कुंकवाचा टिळा लावायचा. मग पूजेच्या दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पूजा हलवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सुतार, लोहार, रिक्षावाला, सगळे हे पाळतात. आमच्या घरात याच्या आधी एक काम असे, आणि ते माझं. धुण्याची वाटी रिकामी करायची, पेट्रोलाचा डबा मागच्या अंगणात नेऊन ठेवायचा. कारण पूजेच्या दिवशी त्याच टेबलावर कापूर ओवाळायचा असतो. इतकी वर्षं एकदाही चुकले नाही. त्या वर्षीही आदल्या संध्याकाळी वाटी रिकामी केली, पालथी घातली, डबा मागे नेला.

"राव सार, एकच घड्याळ," श्रीधर आपला ट्रे उघडत म्हणाला. "संध्याकाळी एक पाहुणे बघायला येणार आहेत, परदेशातले. उद्या ते जातील. चालता चालता थांबतंय. एकदा उघडून धुतलं की झालं."

"आज नको," मी म्हटलं. "हत्यारं पूजेत आहेत."

"मामी, मी कधी मागितलंय का असं?"

राव माझ्याकडे बघून म्हणाले, "दुरून आलेत गे. अर्ध्या तासाचं काम." रावांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी केळीच्या पानावरून चिमटा उचलला. त्यावरचं वाळलेलं गंध त्यांनी धोतराला पुसलं. मी आत नैवेद्याचं चुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, परतायला गेले. मागच्या अंगणातून डबा कधी पुढे आला, वाटी कधी भरली, मी बघितलं नाही. ती वाटी बघणं हे इतकी वर्षं माझं काम होतं.

पूजेचं ताट घेऊन बाहेर आले तेव्हा डायल काढून रावांनी टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवली होती. श्रीधर म्हणाला, "मामी, हे फक्त तुमच्या डोळ्यांसाठी. बघा आणि सांगा, असा रंग कधी बघितलाय?"

मी ताट खाली ठेवलं. आयग्लासची गरजच पडली नाही. मध्ये कोवळं पान, कडेला जून पान.

"बघितलाय," मी म्हटलं. "मी केलाय."

तो हसला. "मामी, हे स्विस कारखान्यातलं आहे. जगात असे चार माहीत आहेत. कडेला गडद होत जाणारा हा रंग कसा काढत, हे त्या कारखान्यातल्या लोकांनाही आता माहीत नाही."

"मला माहीत आहे. शिवणयंत्राच्या चाकावर. समयांची लाख आहे ती."

"समयांची लाख!" तो रावांकडे वळला. "ऐकलंत का सार? मामी आज जोरात आहेत."

"खाच शोध," मी म्हटलं.

"नाही खाच. म्हणून तर."

"मी खाच घालत नव्हते. माझा हात हलत नव्हता. सहाच्या जागी रंग खरवड, खाली माझं अक्षर निघेल."

आता त्याचं हसू गेलं. "खरवडू? मामी, तुम्हाला कळतंय का काय बोलताय? यावर लोकांनी अभ्यास केलाय, पुस्तकं लिहिलीत. तुमचा डोळा चांगला आहे, मी मानतो. पण पाचवी शिकलेल्या बाईने स्विस डायल बनवली म्हणायचं म्हणजे..." त्याने हात हलवला फक्त.

मी रावांकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. ते चाक त्यांनीच बसवून दिलं होतं. साठ-सत्तर डायली त्यांनीच घड्याळात बसवल्या होत्या. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. राव वाटीत बघत मशीन हलवत राहिले. मग हळू म्हणाले, "सोड की गे. सण आहे."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. पिळ्ळैंचं गेलेलं घड्याळ आलं, माझं न बोललेलं वाक्य आलं, आणि आता हे माझ्या हातचं काम माझ्यासमोर दुसऱ्याच्या नावाने. मी म्हटलं, "पूजेची वेळ जाते आहे. उठा नाहीतर बसा, मी ओवाळते." ताट उचललं, वडी मोठी घेतली, काडी ओढली. बघायचं होतं तिथे बघितलं नाही. श्रीधरच्या तोंडाकडे बघत ओवाळलं.

पुढचं वर लिहिलंच आहे.

तंजावरच्या मोठ्या दवाखान्यात राव पंचवीस दिवस होते. डॉक्टर म्हणाले, आधी जीव बघू, मग हात. माझा डावा दंड आणि कंबर भाजली होती, पण अंगावर पूजेचं जाड रेशीम होतं, ते धड पेटलं नाही. रावांच्या हाताला कसलंच कापड नव्हतं. माझी नणंद भेटायला आली. वहिनीला इकडे मन्नी म्हणतात. म्हणाली, "मन्नी, विसावलेली हत्यारं उचलली, देव कोपला. तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला नवस बोल." मी म्हटलं, "देव कोपला नाही. पेट्रोल पेटलं. आणि मी कोपले होते." पण नवस तिने स्वतः बोलला असेल, मला माहीत आहे.

चौथ्या दिवशी श्रीधर आला. सफरचंदं आणली होती. रावांचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले, ताप होता, ते झोपेत होते. श्रीधर पलंगाशी क्षणभर उभा राहिला, मग मला बाहेरच्या बाकावर बोलावलं. खिशातून प्लॅस्टिकची छोटी पुडी काढली. टेबलाच्या राखेत त्याने ती डायल शोधली होती. हिरवा रंग संपूर्ण गेलेला. काळपट पितळ, आणि सहाच्या जागी, अंगठ्याने पुसून स्वच्छ केलेलं, मोडीतलं माझं अक्षर.

"हे काय आहे, मामी?"

"माझं नाव."

त्याने पुडीवरूनच त्या अक्षरावर अंगठा फिरवला. मला वाटलं, आता क्षमा मागेल. मी ती द्यायची की नाही याचा विचार करत होते, खरंच करत होते.

"मामी," तो म्हणाला, "हा रंग तुम्ही परत लावू शकाल?"

मला आधी कळलंच नाही.

"तसाच. तीच लाख, तेच चाक. तुमच्याशिवाय जगात कुणाला जमणार नाही. बाकी घड्याळ चांगलं आहे, मशीन वाचलंय. कुणाला काही सांगायची गरज नाही. आपल्या दोघांतच."

दरवाजाच्या आत रावांचे हात होते. चार दिवसांपूर्वी याच माणसाने मला हातभर लांबून सांगितलं होतं की मी हे करूच शकत नाही. आता म्हणत होता, माझ्याशिवाय कुणी करू शकत नाही. दोन्ही वेळेला त्याला हवी होती डायलच.

"दे इकडे," मी म्हटलं.

त्याने पुडी दिली. त्याला वाटलं मी कबूल झाले. मी ती कमरेला खोचली.

"आता जा. सफरचंदं घेऊन जा."

"मामी, कधीपर्यंत..."

"रावांना चिमटा धरता येईल तेव्हा. त्यांना विचारून घे."

पुढे त्याने कितीदा तरी फोन केला. मी प्रत्येक वेळी विचारायची, "रावांच्या हाताची चौकशी करायला केलास का?" तो म्हणायचा, "तेही आहे, मामी." मग मी ठेवून द्यायची.

रावांची बोटं बरी झाली म्हणजे जखमा भरल्या. उजव्या हाताची तीन बोटं आता वाकत नाहीत, डाव्या हाताची दोन एकमेकांना चिकटूनच राहिली. कॉफीचा पेला दोन तळव्यांत धरून पितात. घड्याळातली केसापेक्षा बारीक कमान सरळ करणारे हात होते ते. या गावात तसे दुसरे नव्हते. हे मी बायको म्हणून म्हणत नाही, शेजारच्या टेबलावर बसणारी कारागीर म्हणून म्हणते.

दुकान बंद केलं नाही. मशीन आता मी उघडते. राव शेजारी बसून तोंडाने सांगतात.

"आधी तो स्क्रू नको. डावीकडचा."

"मला दिसतंय."

"दिसतंय तर उजवा का फिरवतेस गे?"

दिवसभर असंच चालतं. एकदा चिडून मी म्हटलं, "त्या दिवशी इतकं तोंड चाललं असतं तर?" हातातला स्क्रू निघाल्यावर राव म्हणाले, "चाक मी बसवलं होतं, सांगायला हवं होतं." तेवढंच. मीही वाटी कुणी भरली ते काढलं नाही. वाटी आता मी पितळी झाकणाची केली आहे, आणि ओवाळायचं ताट त्या खोलीत नेत नाही.

मागच्या वर्षी आडुतुरैचे पिळ्ळै बॅटरी बदलायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, की तुमचं घड्याळ खराब नव्हतं, रंग धरला असता, खरं तर रंगवायचीच गरज नव्हती, आणि मी तेव्हा गप्प बसले. पिळ्ळैंनी ऐकून घेतलं. मनगटाकडे बघितलं. म्हणाले, "पण मामी, हे वेळ बरोबर दाखवतं." त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि या उन्हाळ्यात भाचीने फोनवर श्रीधरचं लिखाण वाचून दाखवलं. जुन्या घड्याळांच्या लोकांचा काही गट आहे, तिथे त्याने लिहिलंय. कुंभकोणमच्या एका वृद्ध कारागिराच्या दुकानात आग लागली, जगातल्या चार हिरव्या डायलींपैकी एक त्यात नष्ट झाली. ती वाचवण्यासाठी त्या कारागिराने आगीत हात घातले. अशी निष्ठा आता दिसत नाही. आणि शेवटी, त्या आगीतून काहीच वाचलं नाही. खाली शेकडो लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली आहेत. माझा उल्लेख कुठेच नाही. कापूर पेटवणारी म्हणूनसुद्धा नाही.

तर दुरुस्ती करून ठेवते, तेच आमचं काम आहे. त्या डायली जगात चार नाहीत, मी साठ-सत्तर केल्या. ज्यांच्याकडे असतील त्यांनी सहाच्या जागी खरवडून बघावं. कुणी खरवडणार नाही, मला माहीत आहे. जळालेली डायल नष्ट झालेली नाही, माझ्या रांगोळीच्या डब्यात आहे. मी ती रंगवली नाही आणि रंगवणार नाही. रावांनी आगीत हात घातले ते डायलीसाठी नाही. डायल टेबलाच्या उजव्या बाजूला होती, मी डाव्या बाजूला जळत होते, आणि राव डाव्या बाजूला वळले.

आणि काहीच वाचलं नाही हे खोटं आहे. खोलीत तीन माणसं होती. श्रीधर वाचला, राव वाचले, मी वाचले.